‘लागणे’ आणि ‘सोडणे’ : औषधाधीन आप्ताला साहाय्य करताना भाषेचा विचार

१. विषयाची मर्यादा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या आहारी गेलेल्या आप्ताला घरच्यांनी कसे साहाय्य करावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी वैद्यकशास्त्राचा आहे. त्यात भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालण्यासारखे काय आहे, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु औषधाची मात्रा डॉक्टर ठरवीत असला, तरी रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचतो की अधिकच लपवाछपवी करू लागतो, हे पुष्कळ अंशी घरात उच्चारल्या जाणाऱ्या दहापाच वाक्यांवर अवलंबून असते. ती वाक्ये रागाने किंवा मायेने बोललेली असतात. पण त्यांतील शब्द आणि क्रियापदे बोलणाऱ्याने घडविलेली नसतात. ती भाषेकडून तयार मिळालेली असतात आणि आपल्याबरोबर एक ठराविक समजूत घेऊन येतात. ही समजूत प्रसंगी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, एवढे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘मद्याधीन’ या रूढ शब्दाच्या धर्तीवर येथे ‘औषधाधीन’ हा शब्द योजिला आहे. चिठ्ठीवरील औषधांत अफूजन्य वेदनाशामके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, झोपेच्या व चिंताशामक गोळ्या असे अनेक प्रकार येतात. विवेचन नेमके व्हावे म्हणून पुढील विचार मुख्यतः शेवटच्या प्रकारापुरता, म्हणजे अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारख्या बेंझोडायझेपिन वर्गातील गोळ्यांपुरता मर्यादित ठेवला आहे. मध्यमवर्गीय मराठी घरातील औषधाच्या डब्यात यांपैकी एखादी पट्टी सापडणे मुळीच दुर्मिळ नाही.

२. गोळीचे कार्य

या वर्गातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आले आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. दोन्हींच्या मुळाशी हॉफमन-ला रोश या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांचे संशोधन होते. त्यापूर्वी वापरात असलेल्या बार्बिट्युरेट वर्गातील औषधांपेक्षा ही औषधे पुष्कळच निर्धोक ठरली, म्हणून त्यांचा प्रसार वेगाने झाला. सवयीचा धोका व्यापक प्रमाणात ध्यानी येण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य मज्जापेशींची उत्तेजना शमविण्याचे काम करते. या गोळ्या त्या द्रव्याचा परिणाम वाढवितात. त्यामुळे मन निवते आणि झोप येते. काही आठवडे गोळी नित्यनेमाने घेतली की मेंदू या वाढीव शमनाशी जुळवून घेतो. मग पूर्वीच्या मात्रेने पूर्वीसारखी झोप येत नाही. आणि गोळी एकाएकी थांबली, तर शमन नाहीसे होते व उत्तेजना तेवढी शिल्लक राहते. निद्रानाश, थरथर, घाम, धडधड, विलक्षण भीती ही त्याची लक्षणे होत. तीव्र प्रसंगी भ्रम होतो, अपस्माराप्रमाणे झटके येतात, आणि त्यांत मृत्यूही ओढवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या संपूर्ण वर्गाच्या वेष्टनावरील ठळक इशाऱ्यात गैरवापर, व्यसन आणि शारीरिक अवलंबन यांचा अंतर्भाव करविला, तो याच कारणास्तव.

भारतात २०१३ च्या अधिसूचनेने ‘एच-१’ ही स्वतंत्र अनुसूची निर्माण झाली आणि ती मार्च २०१४ पासून अमलात आली. तीत या वर्गातील अनेक औषधांचा समावेश असून, चिठ्ठीवाचून ती विकू नयेत व प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे जतन करावी, असे औषधविक्रेत्यावर बंधन आहे. तरीही, केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १.०८ टक्के, म्हणजे अदमासे १ कोटी १८ लाख व्यक्ती शामक औषधे वैद्यकीय उपचाराबाहेर घेत असल्याचे आढळले. हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

३. ‘लागणे’

आता भाषेकडे वळू. मराठीत झोप ‘लागते’, औषध ‘लागू पडते’, पुढे तेच औषध रोज ‘लागते’, आणि अखेरीस त्याची सवय ‘लागते’. झोप लागावी म्हणून गोळी लागते आणि गोळीची सवय लागते, या वाक्यात रोगाचा सगळा इतिहास एकाच क्रियापदाच्या आधारे सांगून होतो. हे क्रियापद घेणाऱ्या वाक्यांत माणूस कर्ता नसतो; ‘मला’, ‘तिला’, ‘बाबांना’ अशा चतुर्थीच्या रूपात तो केवळ अनुभव भोगणारा असतो. भूक, तहान, ठेच, वेड, चटक, नाद या सर्वांची वाक्यरचना हीच आहे.

रुग्णाच्या दृष्टीने ही रचना खरी आहे. त्याने एखाद्या दिवशी सवय ‘लावून घेण्याचा’ निश्चय केलेला नसतो. पत्नीच्या निधनानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा नोकरीतील ताणाच्या काळात डॉक्टरने दिलेली गोळी पंधरा दिवसांऐवजी पंधरा महिने चालू राहिलेली असते. परंतु घरच्यांच्या तोंडी वाक्य येते तेव्हा रचना पालटते. जोवर उपचार मान्य असतो तोवर ‘बाबा औषध घेतात’. संशय आला की ‘बाबा गोळ्या खातात’. वस्तू तीच, गिळण्याची क्रियाही तीच; पण ‘औषध’ गेले व ‘गोळ्या’ आल्या, ‘घेणे’ गेले व ‘खाणे’ आले. पैसे खाणे, लाच खाणे यांच्या शेजारी हे ‘खाणे’ जाऊन बसते. चतुर्थीतील भोक्ता प्रथमेतील अपराधी कर्ता होतो. ज्याच्याविषयी हे बोलले जाते त्याला व्याकरण ठाऊक असण्याची गरज नाही. हा पालट त्याच्या कानाला तत्काळ कळतो, आणि पट्टी उशीखाली जाते.

४. ‘व्यसन’, ‘सवय’ आणि ‘अवलंबन’

‘व्यसन’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. वि + अस्, म्हणजे दूर फेकणे, या धातूपासून तो आला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीचे आहे. तेथे राजा, अमात्य, कोश, सैन्य इत्यादी राज्याच्या अंगांवर येणारी संकटे त्या नावाने विचारात घेतली असून, माणसाला कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची फोड केली आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामापासून उपजणारी दहा व क्रोधापासून उपजणारी आठ अशी अठरा व्यसने राजाला वर्ज्य सांगितली आहेत. म्हणजे संस्कृतात या शब्दाच्या दोन छटा शेजारी शेजारी नांदत होत्या : माणसावर कोसळणारी आपत्ती आणि माणसाच्या ठायी असलेला दोष. आधुनिक मराठीत पहिली छटा जवळजवळ लोपली व दुसरी तेवढी उरली. आज ‘त्यांच्यावर व्यसन आले’ असे कोणी म्हणत नाही. ‘त्यांना व्यसन आहे’ असे म्हणतात, आणि त्यातून ‘व्यसनी’ हे विशेषण, नव्हे नामच, तयार होते.

इंग्रजीत रूढ असलेला ‘ॲडिक्शन’ हा शब्दही असाच भारलेला आहे. रोमन कायद्यात जो ऋणको न्यायाधीशाच्या निर्णयाने धनकोच्या स्वाधीन केला जाई, त्याला ‘ॲडिक्टस’ म्हणत. या शब्दांतील नैतिक भार टाळण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये ‘व्यसन’ आणि ‘सवय’ या अर्थांच्या दोन संज्ञांत भेद केला होता. १९६४ मध्ये दोन्ही मागे ठेवून ‘अवलंबन’ या अर्थाची एकच संज्ञा सुचविली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणानेही १९८७ मध्ये तीच कास धरली. पण त्यातून निराळीच अडचण उद्भवली. वेदनाशामक औषध सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरालाही त्याची गरज लागते. त्यालाही ‘अवलंबित’, म्हणजे पर्यायाने व्यसनी, ठरविले जाऊ लागले. ओब्रायन, व्होल्को आणि ली यांनी २००६ मध्ये या गोंधळाकडे लक्ष वेधले. २०१३ च्या वर्गीकरणातून ती संज्ञा वगळण्यात आली आणि वैद्यकीय देखरेखीखाली यथायोग्य औषध घेणाऱ्याच्या बाबतीत केवळ मात्रा वाढणे किंवा थांबविताच त्रास होणे हे विकाराचे लक्षण धरू नये, असे स्पष्ट करण्यात आले.

हा शब्दच्छल नव्हे. घरच्यांनी प्रथम जो भेद ओळखायला हवा तो हाच होय. गोळी चुकली की झोप येत नाही, हे शरीराचे अवलंबन झाले. मुदतीपूर्वी पट्टी संपणे, दोन-तीन डॉक्टरांकडून वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळविणे, गोळ्या लपविणे, झोपेसाठी दिलेली गोळी दिवसा मन बधिर करण्यासाठी घेणे, पडझड, विस्मरण, कामातील हयगय असे नुकसान दिसत असूनही मात्रा वाढवीत जाणे, ही निराळी अवस्था आहे. पहिलीला ‘व्यसन’ म्हटले तर निरपराध माणूस दुखावतो; दुसरीला ‘नुसती सवय’ म्हटले तर रोग बळावतो. मराठी घरात बहुधा या दोन्ही चुका क्रमाने होतात : आरंभी वर्षभर ‘नुसती सवय’, आणि मग एका रात्रीत ‘व्यसन’.

शब्दाचा परिणाम केवळ रुग्णावर होतो असेही नाही. केली आणि वेस्टरहॉफ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचशेहून अधिक मनःस्वास्थ्य-व्यावसायिकांना एकाच व्यक्तीचे वर्णन दोन प्रकारे दिले होते. ज्यांना मिळालेल्या वर्णनात ‘गैरवापर करणारा’ अशा अर्थाचा शब्द होता, ते त्या व्यक्तीला स्वतः दोषी व शिक्षेस पात्र मानण्याकडे अधिक झुकले. शिकलेल्या व्यावसायिकांची ही गत, तर काळजीने पिचलेल्या कुटुंबीयांविषयी काय बोलावे?

५. ‘सोडणे’

सर्वांत अधिक धोका मात्र एका क्रियापदात आहे. ‘सोडणे’ ही मराठीत क्षणात पुरी होणारी क्रिया आहे. हातातील दोर सोडला की सुटला. ‘अर्धा सोडला’ असे होत नाही. ‘सोडून दे’, ‘टाकून दे’, ‘बंद करून टाक’ या संयुक्त रूपांत ‘देणे’ व ‘टाकणे’ ही साहाय्यक क्रियापदे त्या क्रियेच्या निर्णायकपणावर आणखी शिक्कामोर्तब करतात. या व्याकरणाच्या पाठीशी संस्कृतीही उभी आहे. माळ घातली आणि त्या दिवसापासून मद्यमांस वर्ज्य झाले, याचे आपल्याकडे कौतुक होते. तंबाखू एका दिवसात सोडणारा माणूस निश्चयाचा मानला जातो. आईने ‘माझ्या गळ्याची शपथ आहे’ म्हटले की मुलाने तत्क्षणी ऐकावे, ही मायेची कसोटी ठरते.

तंबाखूच्या बाबतीत असा निश्चय शरीराला घातक ठरत नाही. दीर्घकाळ घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत तोच निश्चय प्राणघातक होऊ शकतो. मायेपोटी घातलेली शपथ, संतापाने मोरीत ओतलेल्या गोळ्या, ‘आजपासून एकही नाही’ हा निर्धार, या सर्वांचा शेवट झटक्यांत होऊ शकतो. आणि तसे झाले नाही तरी चार रात्री जागून काढल्यावर रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘शब्द पाळला नाही.’ वस्तुतः मोडलेला असतो तो शब्द नव्हे. मेंदूला जुळवून घेण्यास लागणारा अवधीच दिलेला नसतो.

वैद्यकशास्त्राला अभिप्रेत असलेली क्रिया मराठीत निराळ्या रचनेने व्यक्त होते : ‘कमी करत आणणे’. येथे ‘करत’ हे धातुसाधित क्रियेचे सातत्य दाखविते व ‘आणणे’ तिची दिशा. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात खास याच गोळ्यांतून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी चिकित्सालय चालविले. त्यांच्या पद्धतीचे सार हेच होते की घट लहान लहान टप्प्यांनी आणि रुग्णाला झेपेल त्या गतीने व्हावी. अमेरिकेतील व्यसनवैद्यक संस्थेने इतर वैद्यकीय संस्थांसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट करण्याचा विचार सुचविला असून, दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट सामान्यतः करू नये असे म्हटले आहे. नेमका आराखडा अर्थातच डॉक्टरने ठरवायचा. घरी बसून भागाकार करणे येथे उपयोगाचे नाही. घरच्यांचे काम एवढेच की, ‘कधी सोडणार?’ या प्रश्नाच्या जागी ‘या पंधरवड्यात जमतंय का?’ हा प्रश्न आणणे. पहिल्याचे उत्तर तारखेने द्यावे लागते आणि ती तारीख चुकणे जवळजवळ ठरलेले असते. दुसऱ्याचे उत्तर खरे देता येते.

६. संबोधन आणि प्रश्न

घरातील बोलण्यात नात्याचा क्रमही विचारात घ्यावा लागतो. वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मुलाने, किंवा सासूबाईंना ‘अहो आई’ म्हणणाऱ्या सुनेने हा विषय काढला की औषधाचा प्रश्न मागे पडतो व अधिकाराचा पुढे येतो. अशा वेळी त्या व्यक्तीला ‘तू’ म्हणण्याचा हक्क असलेले माणूस, म्हणजे थोरली बहीण, भाऊ, बालपणचा स्नेही, हे काम अधिक सहजतेने करू शकते. वडिलांना मुलाने सांगण्यापेक्षा आत्याने सांगणे ही पळवाट नव्हे. नात्यांच्या व्याकरणाचा तो योग्य उपयोग होय.

मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद लाभला आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे एक, त्याला सामावून घेणारे दुसरे. ‘आम्ही तुम्हांला दाखवायला नेणार आहोत’ या वाक्यात सारे घर एका बाजूला आणि रुग्ण दुसऱ्या बाजूला उभा राहतो. ‘आपण डॉक्टरांना भेटून येऊ’ या वाक्यात ती रेषा पुसली जाते. मात्र ‘आपण’ म्हणणाऱ्याने खरोखरीच सोबत जायला हवे. न पाळलेले ‘आपण’ हे ‘आम्ही’हून अधिक लागते.

प्रश्नांचेही तसेच. ‘पुन्हा घेतलीस ना?’ यातील ‘ना’ उत्तर आधीच ठरवून टाकतो. उरते ती केवळ कबुली. त्यावर खोटे बोलणे हा एकच मार्ग रुग्णाला मोकळा राहतो. ‘काल रात्र कशी गेली?’ या प्रश्नात असा सापळा नाही. शिवाय रुग्णाचे एक वाक्य ठरलेले असते : ‘डॉक्टरांनीच दिलंय.’ हे खोटे नसते, म्हणूनच ते खोडून काढता येत नाही. पण त्याचा काळ बदलता येतो : ‘डॉक्टरांनी दिलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. आता त्यांनाच विचारू.’ आरोप न करता चिठ्ठीवरील तारखेची आठवण एवढ्याने होते.

७. कुटुंबाचे कार्य

कुटुंबाच्या वागण्याने रुग्ण उपचाराकडे वळतो का, याचा तुलनात्मक अभ्यास झालेला आहे. मिलर, मायर्स व टॉनिगन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मद्याधीन व्यक्तींच्या १३० आप्तांना तीन प्रकारचे मार्गदर्शन दिले होते. रुग्ण शुद्धीवर व शांत असतानाच बोलणे, नशेविना गेलेल्या वेळेची गोडी वाढविणे, नशेच्या परिणामांवर पांघरूण न घालणे आणि योग्य क्षणी उपचार सुचविणे, असे शिकविलेल्या गटात ६४ टक्के रुग्ण उपचारास तयार झाले. सर्वांनी एकत्र जमून रुग्णाला धारेवर धरण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि स्वतःचे मन सावरण्यावर भर देणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाच्या पद्धतीत १३ टक्के. हा अभ्यास मद्यासंबंधीचा असल्याने त्याचे आकडे जसेच्या तसे गोळ्यांना लावता येणार नाहीत. दिशा मात्र त्यातून दिसते.

व्यवहारात पुढील गोष्टी कुटुंबाच्या हाती आहेत. चिठ्ठी एकाच डॉक्टरची व दुकान एकच असावे. रोजची मात्रा कागदावर लिहिली जावी, आणि उरलेला साठा रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याने सांभाळावा. कपाटातील जुन्या पट्ट्या काढून टाकाव्यात, पण चालू मात्रा कधीही हिरावून घेऊ नये. या गोळ्यांबरोबर मद्य किंवा अफूजन्य वेदनाशामक घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. झटका आला, माणूस हलवूनही जागा होईना किंवा श्वास संथ झाला, तर विचारविनिमयात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सल्ल्यासाठी केंद्र शासनाच्या १४४४६ (व्यसनमुक्ती) आणि १४४१६ (मनःस्वास्थ्य) या दूरध्वनी-सेवा उपलब्ध आहेत.

बळजबरीने दाखल करण्याचा विचार कित्येक घरांत होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे अशा रुग्णालाही त्या कायद्याचे संरक्षण मिळते, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करणे हे कायद्याने घातलेल्या अटींच्या चौकटीतच शक्य असते. ‘व्यसनमुक्ती केंद्र’ हा शब्द आज मराठीत रुळला आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि, झोपेच्या गोळीत अडकलेल्या सत्तर वर्षांच्या आजीला हे नाव परके वाटते. तिला ‘झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊ’ असे सांगून मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे आणि तेथे पोहोचण्यापूर्वी ते कोणते डॉक्टर आहेत हे प्रांजळपणे सांगणे, यांत विसंगती नाही. सोपा शब्द वापरणे वेगळे आणि फसविणे वेगळे.

८. निष्कर्ष

शब्द बदलल्याने रोग बरा होतो, असे कोणीही म्हणणार नाही. गोळीची मात्रा डॉक्टरच्या देखरेखीने, आठवड्यामागून आठवडे, पुष्कळदा महिनोन्‌महिने उतरवावी लागते, आणि त्या काळात मागे घसरण्याचे प्रसंगही येतात. परंतु त्या दीर्घ काळात रुग्णाच्या सोबतीला राहणारे घर कोणत्या भाषेत बोलते, याला महत्त्व आहे. ‘लागणे’ या क्रियापदाने सवयीचे खरे स्वरूप मराठीने फार पूर्वीच ओळखले आहे : ती माणसाला जडते. जे जडले ते तोडावयाचे नसून सोडवावयाचे असते. ‘सोडणे’ आणि ‘सोडविणे’ यांत प्रयोजकाचा एक प्रत्यय अधिक आहे. सोडणारा एकटा असतो, सोडविण्यास दुसरे माणूस लागते. औषधाधीन आप्ताच्या बाबतीत घरच्यांनी आज्ञार्थी ‘सोड’ बाजूला ठेवून हे दुसरे क्रियापद आपले मानावे, एवढेच या विवेचनातून सुचवावयाचे आहे.